दुसरं माणूस न मावणारा तंबू

तुम्ही दोघांनी विचारलंत, तंबू घेतलास का, आणि मी "घेतला" एवढंच लिहून मोकळी झाले. त्यावर धाकटीने "कोणता?" असं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. कोणता घेतला ते एका ओळीत सांगता आलं असतं, पण एकाहत्तर वर्षांच्या बाईने एका माणसाचा तंबू का घ्यावा हे सांगायला लागले की माझाच गोंधळ होतो. म्हणून आता कागद पुढे घेऊन पहिल्यापासून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी आयुष्यात कधी एकटी झोपले नव्हते. कल्याणला माहेरी आम्ही पाच भावंडं एका खोलीत ओळीने झोपायचो. कॉलेजात होस्टेलवर एका खोलीत चार खाटा होत्या. लग्नानंतर तुमचे आजोबा, मग तुमचा बाबा, मग सासूबाई शेवटची चार वर्षं माझ्या खोलीत. आजोबा गेले त्या दिवसापासून माझ्या वन्सं, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, रोज रात्री जेवून समोरच्या इमारतीतून माझ्याकडे येऊ लागल्या. आल्या की चपला आत घ्यायच्या, दाराची कडी दोनदा बघायची आणि पलीकडच्या पलंगावर आडवं व्हायचं. याला आपल्याकडे सोबतीला येणं म्हणतात. घरात बाई एकटी असली की कोणीतरी सोबतीला येतंच. बोलावावं लागत नाही, आणि येऊ नका असं म्हणायची पद्धत नाही. तुमच्या तिकडे याला शब्द आहे की नाही मला माहीत नाही. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवूनसुद्धा मला तो सापडलेला नाही.

वन्संच्या मुलाने बदलापूरला मोठा फ्लॅट घेतला. पौष संपला की ते सगळे तिकडे जाणार असं ठरलं. तेव्हा तुमच्या बाबाचा फोन आला. तो माझाच मुलगा, त्यामुळे मुद्दे क्रमाने मांडतो. एक, आमच्याकडे येऊन राहा. दोन, रात्रंदिवस राहणारी बाई ठेव. तीन, पुण्याजवळ ज्येष्ठांसाठी चांगली वसाहत आहे, तिथे जा. मी विचारलं, चौथा मुद्दा काय? तो म्हणाला, "चौथा म्हणजे अंबरनाथच्या घरात एकटीने राहायचं. पण आई, तू राहू शकशील का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

त्याला वाटलं मी टाळते आहे. पण मला खरोखरच माहीत नव्हतं. हे घर सोडायचं नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं. इथला दूधवाला, ग्रंथालय, पूर्वेचा भाजीबाजार, यातलं काहीच मला पेटीत भरून तुमच्याकडे आणता येत नाही. पण मला एकटीला झोप लागते का, भीती वाटते का, मध्यरात्री मी काय करते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पौष संपेपर्यंत उत्तर देते असं त्याला सांगितलं आणि मी ठरवलं की एकदा करून बघावं.

पहिला प्रयत्न घरातच केला. वन्संना म्हटलं, आजची रात्र तुम्ही तुमच्या घरी झोपा, मला एकटीने राहून बघायचंय. त्या म्हणाल्या, "बघा बाई." साडेनऊला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या ताई, काखेत उशी. "तुमच्या वन्सं सांगून गेल्या, आज वहिनी एकट्या आहेत म्हणून." त्यांना काय सांगणार? त्या आत आल्या, माझ्या टीव्हीवर त्यांची मालिका बघितली आणि पलीकडच्या पलंगावर झोपल्या. घोरतातही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि वन्संना स्पष्ट सांगून ठेवलं, तर त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांना वॉचमनने सांगितलं होतं.

त्या रात्री काकूंच्या बाजूला पडून मी विचार केला की आमच्या इमारतीत एकटं राहता येणं शक्य नाही. त्यासाठी अशी जागा हवी जिथे दुसरं माणूस मावणारच नाही. आणि मला थोरल्याने पाठवलेला फोटो आठवला, डोंगरावरचा, पिवळा, शवपेटीएवढा तंबू. शवपेटी म्हणाले म्हणून रागावू नकोस, मला तसाच दिसला होता. दुसऱ्या दिवशी तुला विचारलं, यात दोघं मावतात का रे? तू म्हणालास, "आजी, माझी सॅकसुद्धा बाहेर ठेवावी लागते." मला अगदी तेवढंच हवं होतं.

जागेचा प्रश्न सोपा होता. माझ्याबरोबर शाळेत वीस वर्षं शिकवत होत्या त्या बाई आता चामटोलीला त्यांच्या सासरच्या घरी राहतात. मागे भातशेती, पुढे मोठं अंगण. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, या की, पण आमचं अंगण म्हणजे सगळा कातळ आहे, लग्नात मांडवाचे बांबूसुद्धा पत्र्याच्या डब्यात सिमेंट भरून उभे करतो. खुंटी ठोकायला जाल तर खुंटी वाकेल. हे मी तुम्हाला कळवलं आणि तुम्ही लगेच लिहिलंत, मग आजी, फ्रीस्टँडिंग घे. वजनाला हलका, फ्रीस्टँडिंग, एका माणसाचा. आणि सहा दुवे पाठवलेत.

इथून खरा गोंधळ सुरू झाला.

मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने सहा रकाने आखले आणि वाचायला बसले. एकही शब्द न कळणारा नव्हता. तरी वाक्य संपलं की काय कळलं ते सांगता यायचं नाही. पहिल्याच तंबूची तीन वजनं दिलेली होती. एक कमीत कमी वजन, एक गुंडाळलेलं वजन आणि एक वाटेवरचं वजन. वस्तू एक आणि वजनं तीन, हे मी रकान्यात कसं लिहू? थोरल्याला विचारलं. त्याने लिहिलं, खुंट्या आणि पिशवी मोजायची की नाही त्यावर आहे. मी विचारलं, पण फ्रीस्टँडिंग म्हणजे खुंट्यांशिवाय उभा राहतो तो ना? तो म्हणाला हो. मग सोबत आठ खुंट्या का देतात? वारा आला तर, म्हणाला. वारा आला तर खुंट्या लागणार असतील, तर तो आपल्या आपण उभा कसा? यावर तू नुसता हसरा चेहरा पाठवलास. माझ्या वर्गात असं उत्तर दिलं असतंस तर उभा केला असता.

पुढे एक प्रकार होता, अर्धा फ्रीस्टँडिंग. दोन कोपरे उभे राहतात, दोन राहत नाहीत. तो मी सरळ खोडला. मग ऋतूंचा रकाना आला. चार तंबूंवर लिहिलं होतं, तीन ऋतूंसाठी. मी म्हटलं, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, झाले की सगळे, आणि चौघांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. दोन दिवसांनी धाकटीने सांगितलं की त्यांच्या तीन ऋतूंत हिवाळा नसतो. माझी चाचणी होती ऐन मार्गशीर्षात. मी सगळ्या खुणा खोडरबराने पुसल्या. त्यावर तीच म्हणाली, "पण आजी, तुमचा हिवाळा म्हणजे आमचा उन्हाळा." मी पुन्हा खुणा केल्या. त्या पानाला आता भोक पडलं आहे.

मापाचं तरी नक्की समजावं म्हणून एका दुपारी हॉलमधलं टीपॉय बाजूला सारलं आणि लादीवर खडूने तंबूचा आकार काढला. सात फूट लांब, अडीच फूट रुंद. आत आडवी झाले. उताणं ठीक होतं. उजव्या कुशीवर वळले की गुडघे रेघेबाहेर जात होते. डाव्या कुशीवर कोपर. मी हे वहीत लिहीत असतानाच किल्ली फिरवून वन्सं आत आल्या. त्यांच्याकडे एक किल्ली असते.

त्या रेघेपाशी थांबल्या. "वहिनी, पोलीस येऊन गेले का? टीव्हीवर मेलेल्या माणसाभोवती असंच काढतात."

मी उठून बसले आणि त्यांना तंबूचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "एकाचा कशाला? दोघांचा घ्या. मी येईन ना सोबतीला."

"सोबत नको म्हणून तर एकाचा घेतेय."

"कोणाची सोबत नको?"

"कोणाचीच."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं भांडं जरा जोरात ठेवलं. चहा मात्र दोघींचा केला. तो पिताना म्हणाल्या, "मी काय म्हणते, वस्तू डोळ्यांनी बघून घ्यावी. तुमच्या त्या फोनवर हत्तीसुद्धा उंदराएवढा दिसतो. कॅम्प दोनला चला."

मग आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. कॅम्प दोनच्या बाजारात ज्या दुकानात आम्ही शिरलो तिथे पुढे ताडपत्र्या, रेनकोट आणि मच्छरदाण्या टांगलेल्या, मागच्या बाजूला शिलाई मशिनी चाललेल्या. मालक सिंधी गृहस्थ, माझ्याच वयाचे. बायको गल्ल्यावर. ट्रेकला जाणारी कॉलेजची पोरं त्यांच्याकडून तंबू नेतात असं आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं.

"कितने जन?" त्यांनी विचारलं.

"एक," मी म्हणाले.

"कौन जाएगा, पोता?"

"मी जाणार."

त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी छताकडे पाहिलं. ते म्हणाले, "बहेनजी, दो वाला लो. दो वाले में एक आराम से सोता है. एक वाले में एक आदमी नहीं सोता, आदमी का माप सोता है."

"बघा," वन्सं म्हणाल्या, "तेही तेच सांगतायत."

मी एकाचाच दाखवा म्हणून अडून बसले. त्यांनी एक निळा काढला, मागच्याच मशिनीवर शिवलेला. दुकानासमोर गल्लीत दोन काड्या फिरवून झटक्यात उभा केला. हातगाडी ढकलत एक केळीवाला आला, त्याला वाट राहिली नाही. मालक म्हणाले, "अरे साईं, दो मिनट, इधर अम्मा को लेटना है." माझ्या वयाचे असून मला अम्मा म्हणाले ते मी सोडून दिलं.

मी चपला काढल्या, पर्स पोटावर घेतली आणि आत आडवी झाले. चेन लावली. आत निळं निळं होतं आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. वजन, कापड, शिवण, सगळं वहीप्रमाणे तपासलं. मग मी डोकं बाहेर काढून म्हटलं, "वन्सं, आत या."

"मी?"

"हो. मावता का बघू."

त्यांना वाटलं माझं मन वळलं. चपला माझ्या चपलांशेजारी नीट लावून त्या सरपटत आल्या, माझ्या बाजूला कुशीवर झाल्या, आणि मावल्या. पाय जरा दुमडावे लागले, पण मावल्या. बाहेरून मालकांनी अभिमानाने गल्लीला सांगितलं, "देखो, एक का बोला, दो आ गए. हमने कपडा खुल्ला रखा है."

"छान आहे," वन्सं म्हणाल्या. "हाच घ्या."

मी वहीत त्यापुढे फुली मारली.

मालकांना ते काही केल्या समजेना. चांगल्या मालावर फुली मारणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. मी समजावून सांगितलं, मला असा हवा ज्यात ही बाई मावणार नाही. ते वरच्या फळीकडे बघायला लागले. गल्ल्यावरून त्यांच्या बायकोने विचारलं, "झगडा हुआ है क्या?" वन्सं म्हणाल्या, "झगडा नहीं, परीक्षा है." त्यांनी हे कोणत्या सुरात म्हटलं ते मला तेव्हा नीट लक्षात आलं नाही.

शेवटी त्यांनी वरच्या फळीवरून एक करड्या रंगाचा, कारखान्यातून आलेला तंबू काढला. पिशवी लाटण्याएवढी लांब. चिठ्ठीवर एकच वजन होतं, ते बघून मला बरं वाटलं. खात्री करावी म्हणून मालकांनी शेजारच्या भंगारवाल्याचा टांगायचा काटा मागून आणला. वजन चिठ्ठीपेक्षा पाव किलोने जास्त भरलं. म्हणजे याचीही दोन वजनं. भंगारवाला म्हणाला, काट्याची चूक नाही. मालक म्हणाले, चिठ्ठीची चूक नाही. मी दोन्ही लिहून घेतली.

हा उभा राहिला तो मघाच्यापेक्षा अरुंद. मी आत गेले, मग वन्संना बोलावलं. त्या खांद्यापर्यंत आल्या आणि अडकल्या. एक हात आत, डोकं माझ्या कानापाशी. "नाही मावत," त्या हळू म्हणाल्या.

"पास," मी म्हणाले.

त्या तशाच अडकलेल्या थोडा वेळ राहिल्या. मग मागे सरकून बाहेर गेल्या आणि मी लिहीपर्यंत केळीवाल्याकडून अर्धा डझन केळी घेऊन आल्या. परतीच्या रिक्षात तंबू त्यांनीच मांडीवर धरला होता.

चामटोलीला एकटीने जायचं मी ठरवलं होतं. वन्सं म्हणाल्या, वाटेत सोबत लागेल, तिथे मी घरात झोपेन, अंगणात पाऊल टाकणार नाही. तसं वचन घेऊन मी त्यांना नेलं. आमच्या बाईंनी घरातली माजघरालगतची खोली वन्संना दिली. बाईंच्या थोरल्या जाऊबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पिशवी सोडली तशी त्या म्हणाल्या, "या इवल्याशा पिशवीन निजाला इतक्या लांबशी आली गो? आमच्या घरान खाटा हायत ना?"

मी काड्या जोडल्या, रंगाला रंग लावून, आणि कातळावर तंबू उभा राहिला. एकाही खुंटीशिवाय. मला इतका आनंद झाला की मी चार पावलं मागे जाऊन फोनवर त्याचा फोटो काढायला लागले. तेवढ्यात शेताकडून वाऱ्याची झुळूक आली आणि तंबू अंगणातून चालायला लागला. घाईत नाही, बकरीसारखा, थोडा थांबत थोडा चालत. जाऊबाईंनी सूप बाजूला ठेवून त्याला कोपऱ्याला धरलं. "उबा ऱ्हातं, पन जाग्यावर नाय ऱ्हात," त्या म्हणाल्या. सहा दुवे वाचून मला जे समजलं नव्हतं ते एवढंच होतं. त्यांनी आतून चारी कोपऱ्यांत चार दगड ठेवले, वर माझं अंथरूण टाकलं, आणि तो थांबला.

साडेआठला जेवणं झाली. मी आत शिरले. बॅटरी, पाण्याची बाटली, वही, पेन. वहीत आधीच रकाने आखून ठेवले होते: वेळ, आवाज, मनात काय आलं. मला नुसती रात्र काढायची नव्हती. एकटं असताना आपल्याला काय होतं ते जागं राहून नीट बघायचं होतं, म्हणजे तुमच्या बाबाला काहीतरी आधाराने सांगता आलं असतं.

खोलीच्या खिडकीतून वन्संचा आवाज आला. "वहिनी, चेन लावली का?"

"लावली."

"पाणी घेतलं?"

"घेतलं."

"चष्मा कुठे ठेवलात?"

"वन्सं, झोपा आता."

यापुढे मला जे आठवतं ते दूधवाल्याच्या मोटरसायकलचा आवाज. कापडाला पहाटेचा उजेड आला होता. मी वही उघडली. तिन्ही रकाने कोरे. आयुष्यातली पहिली एकटीची रात्र, आणि मी ती झोपून घालवली. पास की नापास? झोप लागली म्हणजे भीती नव्हती असं म्हणावं, तर जे मी पाहिलंच नाही त्याबद्दल मी कशी बोलू? शाळेत अशी कोरी उत्तरपत्रिका आली की मी मुलाला बोलावून घ्यायची. इथे कोणाला बोलावू?

चेन उघडून बाहेर आले तर वन्सं पडवीच्या पायरीवर, शाल गुंडाळून. डोळे सुजलेले.

"झोपला नाहीत?" मी विचारलं.

"नाही."

"माझी काळजी?"

त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हणाल्या, "पहिला तासभर तुमची. मग तुम्ही घोरायला लागलात. तिथून पुढे माझीच." शाल ओढून घेत पुढे म्हणाल्या, "वहिनी, त्या बदलापूरच्या घरात मला खोली दिलीय. तिला दार आहे. हॉलमध्ये उशिरापर्यंत टीव्ही चालतो, म्हणून सूनबाई म्हणते, आई, दार लावून निवांत झोपत जा. काल बाईंनीही तेच केलं, दार ओढून घेतलं. मी आत बसले. आता काय करायचं ते मला समजेना. मग खिडकीशी येऊन बसले, तुमचा तंबू दिसत होता."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. माझ्यासारखंच त्याही कधी एकट्या झोपल्या नव्हत्या, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या मुलाच्या हॉलमध्ये, नातवंडांच्या मध्ये झोपायच्या, आणि तिथून माझ्याकडे आल्या. मी धरून चालले होते की त्या माझ्या सोबतीला येतात. माझ्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. होता तो एवढाच की मावल्या की नाही.

"मला बघू द्या एकदा आत जाऊन," त्या म्हणाल्या.

मी अंथरूण झटकून दिलं. त्या आत गेल्या, चेन त्यांनीच आतून लावली. "तुम्ही जा तिकडे. लांब जा."

मी फाटकापर्यंत गेले. मग परत तंबूपासून दोन हातांवर येऊन उभी राहिले. का ते सांगता येत नाही.

"वहिनी?" आतून हाक आली.

मी बोलले नाही.

"वहिनी, आहात का?"

ओ द्यावी की नाही? दिली तर त्यांची परीक्षा बिघडते. नाही दिली तर त्या घाबरतील. सोबत करायची म्हणजे इथे नेमकं काय करायचं, ते मला ठरवता येईना. मी पायातल्या चपलांचा आवाज न करता तशीच थांबले. आत कापड थोडं हललं. मग वन्सं स्वतःशीच म्हणाल्या, "बरं." एवढंच. नंतर काहीच नाही. पाच मिनिटांनी मी वाकून कान लावला, तर त्या झोपल्या होत्या. ऊन अंगणात येऊन तंबू तापला तेव्हा जाऊबाईंनी त्यांना उठवलं. तोवर आमच्या भाकऱ्या खाऊन झाल्या होत्या.

घरी येऊन त्याच रविवारी मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं, चौथा मुद्दा. मी इथेच राहणार.

"म्हणजे भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. मी झोपले होते."

तो म्हणाला, "आई, हे उत्तर झालं का?" मी म्हणाले, माझ्याकडे एवढंच आहे, आणि या वयात ते पुरावं. त्याने दोन अटी घातल्या त्या मान्य केल्या, स्नानगृहात धरायला दांडा बसवून घेतला आणि दाराची एक किल्ली खालच्या ताईंकडे ठेवली.

माघ लागला आणि वन्संचं सामान गेलं. तंबूही त्यांनीच नेला, त्यामुळे तुम्हाला त्याचा अजून फोटो पाठवता आलेला नाही. नव्या खोलीत त्यांनी तो पलंगावर उभा केला आहे. लादीत काही ठोकावं लागलं नाही. सूनबाईला वाटलं डासांसाठी असेल. वन्सं म्हणतात, खोली फार मोठी आहे, दार लावलं की आणखी मोठी होते, तंबूत बरोबर मापात राहता येतं.

मी इथे रोज एकटी झोपते. पलीकडचा पलंग काढून टाकायचा की ठेवायचा ते ठरलेलं नाही, सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. साडेनऊला बदलापूरहून फोन येतो. काल आला तेव्हा मी दिवा घालवून पडले होते.

"झोपलात का?" वन्संनी विचारलं.

"हो."

"मग फोन कोणी उचलला?"

"मीच."

"बरं. मीही झोपलेय," त्या म्हणाल्या, आणि अर्धा तास बोलत राहिल्या.